रंगाला रंग

अभिमननं एकदा केलेल्या कामासाठी त्याला दुसऱ्यांदा बोलवायची वेळ कुणावर आली नाही. चोपड्याच्या एका जिनिंगमध्ये तो चौतीस वर्षं वायरमन होता. मोटारींचं वाइंडिंग भरायचं, पॅनल बांधायचे, कापसाच्या धुळीनं चोंदलेले स्टार्टर साफ करायचे. हंगामात दारात गाड्यांची रांग लागलेली असली, मॅनेजर डोक्यावर उभा असला, तरी तो आपल्या वेगानंच काम करायचा. मॅनेजर ओरडला की म्हणायचा, "साहेब, आता दोन तास द्या, नाहीतर उद्या दोन दिवस द्या."

त्याचे नियम दोनच. जोड बोटाला टोचता कामा नये, हा पहिला. दुसरा, रंगाला रंग. लालला लाल, पिवळीला पिवळी, काळीला काळी. हा दुसरा नियम त्याला कुणी शिकवला नव्हता, त्यानं तो डोळ्यांनी पाहिला होता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका वायरमनच्या हातून घाईत लाल आणि पिवळ्या तारेची अदलाबदल झाली. थ्री-फेजची मोटार उलटी फिरली, कापूस ओढणारा पट्टा मागं आला आणि मगन नावाच्या कामगाराचा हात कोपरापर्यंत आत गेला. मगन वाचला. हात वाचला नाही. त्या दिवसानंतर अभिमननं एकही तार रंग सोडून जोडली नाही.

जिनिंगनं त्याला पगार दिला आणि कान घेतले. निवृत्त झाला तेव्हा समोरच्या माणसानं मोठ्यानं बोलल्याशिवाय त्याला ऐकू येत नव्हतं. मोटार चालू आहे की बंद, हे तो तळहात लावून बघायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे. तळहात कधी फसवत नाही, असं तो म्हणायचा.

त्याला एकच मुलगा. दीपक. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर जिनिंगमध्ये यायचा. वाइंडिंगची तोंडं पांढऱ्या सुती दोऱ्यानं बांधतात, ती बांधणी अभिमननं त्याला शिकवली होती. दोरा एकदा वरून, एकदा खालून, मग स्वतःच्याच फासातून ओढायचा. गाठ वर दिसत नाही आणि सुटत नाही. दहा वर्षांच्या पोराची गाठ अभिमननं नखानं उचकटून बघितली होती. सुटली नव्हती. तेव्हाही तो "बरी आहे" एवढंच म्हणाला होता.

दीपक मोठा झाला आणि कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका बनवायला लागला. सुटे भाग आणून मशीन त्यानं स्वतःच जोडलं. पुढच्या खोलीत, पत्र्याखाली, टेबल टाकून बसायचा. आजूबाजूच्या गावांत त्याच्या पत्रिका ओळखू यायच्या. इतरांच्या पत्रिकेवर बाजारातले गणपती आणि कलश असायचे. दीपक केळीचं घड काढायचा, कापसाचं बोंड काढायचा, सातपुड्याची रेघ काढायची तर ती त्यांच्या गच्चीवरून दिसते तशीच काढायचा. मजकूर अहिराणीत, लेकीच्या लग्नाचं बोलावणं असं: "आमनी लाडकी आंडेरनं लगीन शे, बठ्ठा जन या." लोक हसायचे आणि तीच पत्रिका मागायचे.

अभिमनला ते काम वाटायचं नाही. काम म्हणजे संध्याकाळी हात काळे झालेले दिसले पाहिजेत. मशीन जोडून झालं त्या दिवशी दीपक आत आला होता.

"आबा, या ना. मशीन बघा. आतली वायरिंग बघा एकदा."

अभिमन जेवत होता. "खुर्चीतलं काम ते. त्यात काय बघायचं?"

तो उठला नाही. दीपकनं पुन्हा बोलावलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या तापात दीपक गेला. चौतीस वर्षांचा होता. मूलबाळ नव्हतं. मागं त्याची बायको रत्ना राहिली, अभिमन आणि त्याची बायको कमलबाई राहिली, आणि पुढच्या खोलीत ते मशीन.

रत्ना नरडाण्याची. तिचा भाऊ हेमराज तिथल्या कारखान्यात होता. तो तेराव्यालाच तिला न्यायला आला होता. रत्ना गेली नाही. महिनाभरानं तिनं मशीन चालू केलं. दीपककडून ती थोडंफार शिकली होती. नवं चित्र तिला काढता येत नसे, पण त्यानं काढून ठेवलेल्या नक्षीत नाव बदलणं, तारीख बदलणं, घड डावीकडचं उजवीकडे नेणं तिला जमायचं. तेवढ्यावर काम चालू राहिलं. पत्रिका पेनड्राइव्हवर घालून ती जिनेशच्या छापखान्यात द्यायची. लोकांना फरक कळला नाही.

हेमराज दर महिन्याला फोन करायचा. एकदा रत्नानं त्याला दिलेलं उत्तर अभिमनला स्वयंपाकघरातून ऐकू आलं. ती फोनवर मोठ्यानं बोलायची, म्हणून ऐकू आलं.

"भाऊ, यांचं मशीन चालू आहे तोवर मी इथं आहे. पुढचं पुढं."

अभिमननं ते वाक्य खिळ्यासारखं डोक्यात ठोकून घेतलं. मशीन चालू राहिलं पाहिजे. घरात सून आहे म्हणून घरात संध्याकाळी दिवा लागतो, कमलबाई कुणाशी तरी भांडते, दोन पोळ्या जास्त होतात. मशीन थांबलं की हे थांबणार.

यंदाच्या एप्रिलात पारा चव्वेचाळीसवर गेला. लग्नाचा हंगाम होता आणि मशीन भरदुपारी आपोआप बंद पडायला लागलं. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा पडलं तेव्हा रत्ना आत आली.

"आबा, पुढचा पंखा फिरत नाही. जिनेशभाऊंना बोलवावं लागेल."

"पंखाच ना?" अभिमन म्हणाला. "पंख्याला दुसरा माणूस कशाला? मी मेलोय का?"

दोन वर्षांत घरच्या कुणी त्याला पहिल्यांदा काम सांगितलं होतं. म्हणजे, सांगितलं नव्हतं. त्यानं ते ओढून घेतलं होतं.

जिनेशचं दुकान बाजारपेठेत. पुढं कॉम्प्युटरचे भाग, मागं त्याचे वडील लखीचंदशेठ यांनी सुरू केलेला छापखाना. कॅबिनेटची पुढची जाळी काढून, टोक उपसून आणलेला जळका पंखा अभिमननं काउंटरवर ठेवला. त्याच्या तारांना एक रुंद, चार भोकांचं पांढरं टोक होतं. जिनेशनं तेवढ्याच आकाराचा नवा पंखा काढून दिला. त्याचं टोक बारीक, काळं, तीन भोकांचं.

"आबा, टोक वेगळं आहे. जुना पंखा दीपकनं थेट पॉवर सप्लायवर घेतलाय, मोठ्या चार पिनवर. हा तीन पिनचा आहे, बोर्डावर लागतो. पण तुमच्या बोर्डावर पंख्याच्या दोनच जागा. एकीवर प्रोसेसरचा, दुसरीवर मागचा. तिसरी जागाच नाही."

"मग?"

"मधे कन्व्हर्टर लागतो. इकडं मोठं टोक, तिकडं बारीक. माझ्याकडचे संपलेत. जळगावहून मागवतो. चार दिवस थांबा."

"चार दिवस? लग्नाच्या दिवसांत?" अभिमन हसला. "जिनेशभाऊ, तुमच्या लहानपणी तुमच्या वडिलांच्या छापखान्याची मोटार मी भरली. अजून चालू आहे ना?"

"चालू आहे की."

"तेव्हा कन्व्हर्टर होता का मधे?"

जिनेशही हसला. "आबा, तुमच्या हाताला मी काय बोलणार? पण हे बारा व्होल्टचं काम आहे. जोडायच्या आधी मला एक फोन करा."

"बारा व्होल्टला फोन?" अभिमननं पंखा पिशवीत टाकला. "आम्ही चारशे चाळीसलासुद्धा कुणाला विचारलं नाही."

रत्ना त्या दुपारी बँकेत गेली होती. अभिमननं टेबलाखालून कॅबिनेट बाहेर ओढलं, पुसलं, आडवं ठेवलं आणि बाजूचा पत्रा काढला. दीपक गेल्यापासून तो पत्रा कुणी उघडला नव्हता. आत बोटभर धूळ होती. त्यानं जुना ब्रश घेतला आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची वाकळ बसली होती, ती चिमट्यानं काढली. तास गेला. धूळ निघाली तसं आतलं दिसायला लागलं.

तारा आडव्यातिडव्या नव्हत्या. पॉवर सप्लायमधून निघालेली जुडी कडेकडेनं गेली होती, कोपऱ्यावर काटकोनात वळली होती, आणि दर दोन बोटांवर पांढऱ्या सुती दोऱ्यानं बांधली होती. प्लॅस्टिकच्या पट्ट्या नव्हेत. दोरा. एकदा वरून, एकदा खालून, स्वतःच्याच फासातून ओढलेला. गाठ वर दिसत नव्हती.

अभिमननं ब्रश खाली ठेवला.

त्यानं बांधण्या मोजल्या. सव्वीस होत्या. एकाही ठिकाणी अंतर चुकलं नव्हतं. त्यानं एका गाठीला नख लावलं. सुटली नाही.

कमलबाई दारात उभी होती. "काय करी राहिनात तुम्ही? घंटाभर व्हई गया. मन्हा मिक्सर तीन महिनापाशी बंद शे, तो दिखत नही तुम्हले."

त्यानं बोट दाखवून आतलं दाखवलं. ती वाकली. तिला त्यातलं काही कळलं नाही. "बरं शे," ती म्हणाली, "साफ व्हयनं." आणि निघून गेली.

आतली वायरिंग बघा एकदा, असं पोरगा म्हणाला होता. बाप जेवत होता.

पंख्याकडं येणारी तार मोकळी करायला तीन बांधण्या कापाव्या लागणार होत्या. त्यानं त्या कापल्या नाहीत. दाभणानं एकेक फास सैल करून दोरा ओढून काढला. अर्धा तास त्यात गेला. मग दोन्ही टोकं कापून तारा सोलल्या. पंख्याकडून तीन आल्या. लाल, पिवळी, काळी. पॉवर सप्लायकडून चार. लाल, पिवळी आणि दोन काळ्या. त्याला बरं वाटलं. रंग तेच होते. लालला लाल जोडली. पिवळीला पिवळी. काळीला काळी. उरलेली काळी टोकाला बंद केली. प्रत्येक जोड पिळून, डाग देऊन, वर नळी चढवून, बोट फिरवून बघितला. कुठं टोचलं नाही. मग तीनही बांधण्या त्याच दोऱ्यानं पुन्हा बांधल्या. त्याच्या आणि दीपकच्या बांधणीत फरक काढता आला नसता.

मशीन चालू केलं. पंखा फिरला. तळहात लावला. हवा येत होती. हलकी, पण येत होती. रत्ना बँकेतून आली तेव्हा तो कॅबिनेटपाशी मांडी घालूनच बसलेला होता.

"लागला?"

"लागला. जरा ऐक बरं, आवाज येतो का?"

ती वाकली. "अजिबात नाही, आबा."

"बघ. चांगला पंखा आवाज करत नाही. आणि यांना कन्व्हर्टर पाहिजे." थांबून तो म्हणाला, "आत दीपकनं वायरिंग चांगली केलीय."

रत्नानं त्याच्याकडं बघितलं. सहा वर्षांच्या संसारात हे एक वाक्य ऐकायला दीपक थांबला होता, हे तिला माहीत होतं. ती "हो" म्हणाली आणि पदर चाचपत आत गेली.

त्यानंतर मशीन दुपारी बंद पडलं नाही. घरात कूलर घरघरत असायचा, त्यापुढं पंख्याचा आवाज ऐकण्याचा प्रश्न नव्हता. कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीकडं तोंड करून. सगळं बरं चाललं होतं. रत्नानं अकरा दिवसांत चौदा पत्रिका केल्या.

बाराव्या दिवशी पडदा निळा झाला, मग काळा. मशीनमधून टकटक यायला लागली. रत्नानं अभिमनला हाक मारली, पण ती टकटक त्याला ऐकू आली नाही. जिनेश आला, अर्धा तास खटपट केली, मग डिस्क काढून जळगावला पाठवली. तिथल्या माणसानं चार दिवस ठेवून घेतली आणि परत पाठवली. काही निघालं नाही. दीपकनं काढलेली तीनशेच्या वर डिझाइन त्या एका डिस्कवर होती. दुसरीकडं ठेवायची, असं तो नेहमी म्हणायचा. जिनेशकडं छपाईच्या काही फायली निघाल्या, पण त्यात नाव-गाव चित्रात घट्ट बसलेलं. बदलता येत नव्हतं.

डिस्क परत घेऊन जिनेश घरी आला. रत्ना चहा ठेवायला आत गेली तेव्हा त्यानं कॅबिनेट उघडलं. बॅटरी मारून बघितलं. पुढचा पंखा बोटानं फिरवला. मग तारेवरून हळूहळू मागं येत जोडापाशी थांबला.

अभिमन त्याचं तोंड बघत होता. दुसऱ्याचा जोड बघणाऱ्या माणसाचं तोंड त्याला वाचता येत होतं.

"काय चुकलं?" त्यानं विचारलं.

"आबा, राहू द्या."

"जिनेशभाऊ. काय चुकलं?"

जिनेश त्याच्या कानापाशी वाकला. "पॉवर सप्लायच्या लाल तारेत पाच व्होल्ट असतात. पिवळीत बारा. पंख्याच्या लाल तारेला बारा पाहिजेत. म्हणजे पंख्याची लाल तिकडच्या पिवळीला जोडायची. पंख्याची पिवळी कुठंच जोडायची नाही, ती नुसती वेग सांगणारी तार आहे. तुम्ही तिच्यात बारा घातले आणि लालला पाच दिले. दोन-चार तास रडतखडत फिरला असेल. मग जळाला."

"पण मशीन बंद पडत नव्हतं."

"तुम्ही धूळ काढली ना. प्रोसेसरला हवा मिळाली, म्हणून मशीन चालत राहिलं. डिस्क मात्र पुढच्या पंख्याच्या मागंच बसते. तिला हवा मिळाली नाही. या पत्र्याखाली, या उन्हात, अकरा दिवस भाजली. बंद पडत राहिलं असतं तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं."

लालला पिवळी. चौतीस वर्षं जे केलं नाही, ते करायचं होतं. आणि नीट केलेल्या साफसफाईनं चुकलेल्या जोडावर पांघरूण घातलं होतं.

"जोड मात्र एक नंबर आहे, आबा," जिनेश म्हणाला. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

"गप बस," अभिमन म्हणाला.

आतून कपबशा वाजल्या. जिनेशनं पत्रा लावला. "वहिनींना सांगू नका. डिस्क आठ वर्षांची होती, कधी ना कधी जाणारच होती. मी नवी टाकून देतो. त्या इथंच राहतील. नाहीतर त्यांचा भाऊ टपूनच बसलाय." मग चहा घेऊन आलेल्या रत्नाला तो म्हणाला, "डिस्क जुनी होती, वहिनी. कुणाचा दोष नाही."

अभिमन चहा प्यायला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गप्प राहिला.

तिसऱ्या दिवशी तो दुपारी पुढच्या खोलीत गेला तर रत्ना बंद पडद्यासमोर बसली होती. ती शिकलेली, घरात शुद्ध मराठी बोलायची. त्या दिवशी माहेरची बोली आली.

"मन्हीच चूक शे, आबा. भरदुपारना मशीन चालू ठेवं मी. दोन पत्रिका कमी लेती तर काय बिघडतं? त्यासनं बठ्ठं काम गयं."

अभिमन उभा होता. हिनं हे असंच गिळायचं आणि आपण तिच्या हातची पोळी खायची. जिनिंगमध्ये मगनचा हात गेला तेव्हा त्या दुसऱ्या वायरमननं मॅनेजरला सांगितलं होतं, मगननंच पट्ट्याला हात लावला. अभिमननं आयुष्यभर त्या माणसाशी बोलणं ठेवलं नाही.

तो जमिनीवर बसला. "तुझी नाही. माझी आहे."

त्यानं तिला सगळं सांगितलं. टोक वेगळं होतं इथपासून. जिनेश फोन कर म्हणाला होता, तेही. कॅबिनेट ओढून, पत्रा काढून जोड दाखवला. लाल कुठं गेली, पिवळी कुठं गेली. एक शब्द गाळला नाही. पंख्याचं पातं बोटानं फिरवून दाखवलं.

रत्ना बराच वेळ त्या तारांकडं बघत राहिली. जोडाकडं नाही. पांढऱ्या बांधण्यांकडं.

"या गाठी त्यांच्या आहेत का?"

"तेवीस त्याच्या. तीन माझ्या."

"कोणत्या तुमच्या?"

त्यानं दाखवल्या. तिनं बोट लावून बघितलं. रागावली नाही. रडली पण नाही. "जेवायला चला," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून अभिमन पत्रिका गोळा करायला निघाला. ही कल्पना त्याची स्वतःची. छापलेल्या पत्रिका लोकांकडं असतील, त्या बघून पुन्हा काढता येतील. सकाळी सातच्या एसटीनं निघायचा, उन्हं चढायच्या आत जेवढी घरं होतील तेवढी करायचा. लासूर, अडावद, चहार्डी. दारात उभा राहून सांगायचा, "दीपकचा बाप. तुमच्याकडच्या लग्नाची पत्रिका असली तर बघू." लोकांना तो काय म्हणतो हे कळायला वेळ लागायचा, त्याला त्यांचं उत्तर ऐकू यायला वेळ लागायचा. कुठं पेटीतून निघाली, कुठं देवामागून. हळदीचे डाग पडलेल्या, कोपरे खाल्लेल्या. चहार्डीच्या बन्सीलालनाना नावाच्या म्हाताऱ्यानं नातीची पत्रिका फ्रेममध्ये लावली होती. त्यानं फ्रेम भिंतीवरून उतरवून दिली. "काम झालं की आणून दे," म्हणाला. "अशी पत्रिका पुन्हा नाही निघाली."

रोज दुपारी अभिमन त्या दिवशीच्या पत्रिका रत्नाच्या टेबलावर ठेवायचा. एकेकीवर केळीचं घड, बोंड, डोंगराची रेघ. त्या त्यानं आजवर हातात धरून बघितल्या नव्हत्या. घरात पत्रिकांचा ढीग असायचा तेव्हाही नाही. डोंगराची रेघ गच्चीवरून दिसते तशीच होती. तो दोनदा गच्चीवर जाऊन बघून आला.

एकवीस दिवसांत त्रेसष्ट पत्रिका झाल्या. चौसष्टावी घेऊन आला तेव्हा पुढच्या खोलीत हेमराज बसला होता.

रत्नानं पाणी आणून दिलं. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, पण त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आबा, मी नरडाण्याला जाते."

"पत्रिका आहेत ना. यावरून काढता येतं. जिनेश शिकवील म्हणतो."

"काढीन. पण इथं बसून नाही होणार. मशीन चालू केलं की वाटायचं, आत यांचं काहीतरी चालू आहे. त्यावर दोन वर्षं बसले. आता नवी डिस्क टाकली तरी आत काही नाही, हे मला ठाऊक आहे."

"मी सांगितलं नसतं तर?"

तिनं विचार केला. खोटं बोलायचं की नाही, याचा असावा. "तर राहिले असते अजून थोडी. आणि स्वतःलाच दोष देत राहिले असते."

कमलबाई चुलीपाशी रडायला लागली. अभिमनला ते ऐकू आलं नाही, पण हेमराजनं मान खाली घातली तेव्हा कळलं.

जायच्या आदल्या दिवशी अभिमन जिनेशच्या दुकानात गेला. नवा पंखा घेतला. जळगावहून कन्व्हर्टर आले होते, जिनेशनं एक पुढं केला. अभिमननं तो उलटापालटा करून बघितला. एका बाजूला रुंद पांढरं टोक. दुसऱ्या बाजूला बारीक. मधल्या तारा दोनच. मोठ्या टोकाच्या पिवळीतून निघालेली बारीक टोकाच्या लालच्या जागी गेली होती. काळी काळीला. पिवळीची जागा रिकामी. चुकू नये म्हणून कुणीतरी आधीच सगळं करून ठेवलं होतं.

"मी लावतो," तो म्हणाला. "पण तू ये आणि उभा राहा. चुकलं तर सांग."

जिनेश दुकान बंद करून आला, नवी डिस्क बसवून उभा राहिला. अभिमननं आपला जोड कापला. त्या जागी नवं पांढरं टोक बसवलं, कन्व्हर्टर लावला, पंखा लावला. प्रत्येक टोकाला विचारलं, "असंच ना?" जिनेश प्रत्येक वेळी म्हणाला, "असंच." मशीन चालू केलं. तळहात लावला. हवा जोरात आली, हातावरची लव हलली. आधी लावलेल्या त्या पंख्याची हवा आणि ही हवा यातला फरक त्याला आत्ता कळला. तळहातानं त्याला फसवलं नव्हतं. हलकी आहे असं तळहातानं सांगितलं होतं. त्यानंच ऐकलं नव्हतं.

शेवटी तीन बांधण्या बांधल्या. दोऱ्याचं रीळ रत्नाच्या पिशवीत टाकलं.

सकाळी हेमराजनं गाडी आणली होती. मशीन गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं. चौसष्ट पत्रिका रत्नानं मांडीवर घेतल्या. बन्सीलालनानांची फ्रेम वर. ती पाया पडली तेव्हा अभिमन एवढंच म्हणाला, "चालू केलं की आधी पंख्याला हात लाव. वारा लागला की मग बस कामाला."

"हो, आबा."

पहिले काही दिवस ती रोज सकाळी फोन करायची. फोन कमलबाई घ्यायची, अभिमनला ऐकू येत नसे. फोन ठेवून ती त्याच्या कानाशी ओरडायची, "वारा लागस, म्हने!" तो मान हलवायचा आणि चहा संपवायचा. एकदा कळलं, केळीचं घड जमलं. एकदा कळलं, नरडाण्यात पहिली पत्रिका छापली. बन्सीलालनानांची फ्रेम टपालानं परत आली, ती अभिमननं चहार्डीला नेऊन भिंतीवर स्वतः लावून दिली. खिळा नवा मारला.

मग फोन आठवड्यानं यायला लागला. दिवाळीला आला. त्यानंतर नाही.

अभिमननं मिक्सर दुरुस्त केला. उघडायच्या आधी जिनेशला फोन लावून विचारलं. पुढच्या खोलीत टेबल आहे, त्यावर काही नाही. कमलबाई रोज झाडताना तिथं थांबते.

"आज बी फोन नही उना," परवा ती जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली. "भुली गई आपले."

अभिमन ओट्यावर बसून दाढी करत होता. त्यानं वस्तरा पुसला.

"काम नीट व्हयनं म्हंजे कोनी बलावत नही," तो म्हणाला. "पंखा चालू शे."

कमलबाई झाडत राहिली. त्यानं आरसा जरा वळवून धरला आणि दुसऱ्या गालाला साबण लावला.